गोगी-गुकसू घरी करताना: हाडांना खळखळ उकळी, मांसाला मंद आच

दक्षिण कोरियातल्या जेजू बेटाचं गोगी-गुकसू घरी करून पाहणाऱ्यांच्या तक्रारी साधारण तीनच असतात. रस्सा पांढरा झालाच नाही, पाणचट राहिला. मांस चिवट, दोरीसारखं झालं. नूडल्स वाडग्यात पडल्यावर दोन मिनिटांत फुगून त्यांचा लगदा झाला. साहित्य बहुतेकांनी बरोबर आणलेलं असतं, वेळही दिलेला असतो. चुकतं ते एकाच ठिकाणी: आपण मटणाचा रस्सा करतो तसं सगळं एका पातेल्यात, एकाच आचेवर शिजवायला घेतो.

गोगी म्हणजे मांस आणि गुकसू म्हणजे नूडल्स. डुकराच्या हाडांचा दुधाळ रस्सा, त्यात गव्हाच्या मध्यम जाडीच्या नूडल्स, वर उकडलेल्या डुकराच्या मांसाचे काप. एवढाच पदार्थ. फोडणी नाही, वाटण नाही, परतणं नाही. कोल्हापूरकडचा अळणी रस्सा ज्यांनी केला आहे त्यांना ही गोष्ट लवकर समजेल. तांबड्या रश्श्यात जी चूक मसाल्याखाली झाकली जाते, ती अळणीत पहिल्याच घोटाला कळते. इथेही तसंच आहे.

म्हणून एक गोष्ट आधी मनात पक्की करा. हाडांना जोरदार उकळी लागते, मांसाला अजिबात चालत नाही, आणि नूडल्स या दोघांपासून शेवटपर्यंत वेगळ्या राहतात. खालचे सगळे टप्पे या एका गोष्टीभोवती फिरतात. प्रमाण चार माणसांचं आहे.

## टप्पा १: वेळेचा हिशोब

हे काम दोन दिवसांत विभागा. पहिल्या दिवशी हाडं भिजवणं, धुणं, रस्सा उकळणं आणि गाळून थंड करणं. दुसऱ्या दिवशी मांस, नूडल्स आणि वाढणं. पहिल्या दिवसाला सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ धरा. त्यातला बराचसा वेळ पातेल्यावर नजर ठेवण्यात जातो, पण घराबाहेर पडता येत नाही. दुसऱ्या दिवशी साधारण अडीच तास पुरतात.

एका दिवसात करायचा हट्ट धरला तर रस्सा थंड करून चरबी काढायला वेळ उरत नाही. मग वाडग्यावर तेलाचा तवंग येतो आणि चौथ्या घासाला जेवण जड होतं. पाहुणे येणार असतील तर रस्सा आदल्या दिवशीच झालेला असू द्या.

## टप्पा २: खरेदी

रश्श्यासाठी: डुकराची हाडं दीड किलो. त्यात निम्मी नळीची आणि निम्मी मणक्याची. नळीतून रश्श्याला अंग येतं, मणक्याला चिकटलेल्या मांसातून चव येते. नुसत्या नळ्या घेतल्या तर रस्सा दाट होतो पण बोलत नाही. नुसता मणका घेतला तर चव येते, पण ओठाला चिकटणारा दाटपणा येत नाही. डुकराचा एखादा पाया मिळाला तर जरूर घ्या. कातडी आणि सांध्यांमुळे रस्सा फार छान बांधला जातो.

नळ्या खाटकाकडूनच मधोमध तोडून आणा. घरी कोयत्याने तोडायला गेलात तर हाडाच्या बारीक कपच्या रश्श्यात येतात.

कापांसाठी: कातडीसकट पोटाचं मांस ८०० ग्रॅम, एकसंध तुकडा. कोरियात कातडीसकटच्या या तुकड्याला ओग्योप्साल म्हणतात. कमी चरबी हवी असेल तर पुढच्या पायाचं मांस घ्या, पण तेही कातडीसकट. गोवा, वसई आणि मुंबईत वांद्र्याकडे डुकराचं मांस विकणाऱ्या जुन्या दुकानांत कातडीसकटचा तुकडा सहज मिळतो. पॅकबंद थंडगार मालात तो बहुधा मिळत नाही. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, आणि "तुकडे करू नका, अख्खा द्या" हे दोनदा सांगा. आपल्याकडे न विचारता तुकडे करून द्यायची सवय आहे, आणि तुकडे झालेलं मांस या पदार्थाला उपयोगाचं नाही.

जेजूचं काळं डुक्कर प्रसिद्ध आहे, पण त्याच्या मागे लागू नका. ताजं, गुलाबी, वास न येणारं मांस हवं, एवढंच. गोठवलेलं मांस असेल तर ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सोडवा. कोमट पाण्यात घाईने सोडवलेलं मांस शिजताना पाणी सोडतं आणि कोरडं पडतं.

नूडल्स: कोरियन दुकानात जुंगम्योन नावाने मिळतात, म्हणजे मध्यम नूडल्स. सुक्या ४०० ग्रॅम, माणशी १००. सोम्योन त्याहून बारीक असतात, त्या गरम रश्श्यात टिकत नाहीत. चाकूने कापलेल्या जाड कालगुकसू हा वेगळाच प्रकार. जुंगम्योन मिळाल्या नाहीत तर गव्हाच्या, गोल, बिनअंड्याच्या आणि मसाल्याची पुडी नसलेल्या साध्या सुक्या नूडल्स घ्या. झटपट नूडल्स तळलेल्या असतात, त्यांचं तेल रश्श्यात उतरतं. त्या टाळा.

बाकी: लसणाच्या १० पाकळ्या, बोटभर आलं, एक मोठा कांदा, काळी मिरी एक चमचा, पातीच्या कांद्याची एक जुडी. कोरियात डेपा नावाचा जाड पातीचा कांदा वापरतात. त्याच्या जवळ जाणारा म्हणजे लीक. मिळाला तर एक दांडा घ्या. शिवाय एक गाजर, भाजलेले तीळ, गिम म्हणजे समुद्री शेवाळाचे सुके पापडासारखे पत्रे, मीठ, आणि गुक-गान्जांग, म्हणजे रश्श्यात घालायचा कोरियन सोया सॉस.

सावधान: हळद, गरम मसाला, तमालपत्र, दालचिनी यांतलं काहीही घेऊ नका. "वास जायला थोडीशी हळद" हा सल्ला मटणाला ठीक आहे. इथे वास घालवायचं काम पुढचे दोन टप्पे करतात.

## टप्पा ३: हाडांतलं रक्त काढणं

हाडं मोठ्या पातेल्यात गार पाण्यात पूर्ण बुडवा आणि पातेलं फ्रिजमध्ये ठेवा. ३ ते ४ तास. दर तासाला पाणी बदला. पहिलं पाणी गडद लाल येईल, तिसरं फिकट गुलाबी. पाया आणला असेल तर तोही यातच.

आपल्याकडच्या हवेत हाडं ओट्यावर भिजत ठेवू नका. फ्रिजमध्ये जागा नसेल तर पाण्यात भरपूर बर्फ घाला आणि तो वितळला की पुन्हा घाला.

हा टप्पा सगळ्यात जास्त वगळला जातो. हाडांच्या पोकळीत राहिलेलं रक्त शिजलं की रस्सा करडा होतो आणि त्याला लोखंडासारखी चव येते. नंतर कितीही आलं घातलं तरी ती जात नाही.

तपासा: शेवटचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन उजेडात धरा. आरपार दिसलं पाहिजे. लालसर असेल तर अजून एक तास.

## टप्पा ४: पहिली उकळी फेकून देणं

हाडं गार पाण्यात घालूनच गॅसवर ठेवा, आधीच उकळलेल्या पाण्यात टाकू नका. गार पाण्यापासून सुरुवात केली की उरलेलं रक्त आणि मळ हळूहळू बाहेर येतो. उकळतं पाणी एकदम लागलं तर बाहेरचा थर आवळतो आणि मळ आतच अडकतो. उकळी फुटली की १० मिनिटं मोठ्या आचेवर ठेवा. वर करडा, तपकिरी फेस दाटून येईल.

आता सगळं पाणी ओतून द्या. मोह होतो, इतकं "सूप" फेकायचं कसं म्हणून. फेकाच. मग एकेक हाड हातात घेऊन वाहत्या पाण्याखाली बोटाने चोळा. मणक्याच्या खाचांत काळपट गुठळ्या असतात, त्या अंगठ्याच्या नखाने काढाव्या लागतात. नळीच्या तोडलेल्या कडेला हाडाचा भुगा असतो, तोही धुवा. दीड किलोला मला १५ मिनिटं लागतात, आणि सगळ्या कामात सर्वांत सार्थकी लागलेली १५ मिनिटं तीच. पातेलंही घासून घ्या, त्याच्या कडेला चिकटलेला फेस नव्या पाण्यात परत येतो.

## टप्पा ५: रस्सा

धुतलेली हाडं स्वच्छ पातेल्यात, ६ लिटर गार पाणी. पातेलं १० लिटरचं तरी हवं, नाहीतर खळखळ उकळी उतू जाते. मोठ्या आचेवर उकळी आणा. पहिल्या अर्ध्या तासात जो पांढरा फेस येईल तो झाऱ्याने काढत राहा. या अर्ध्या तासात झाकण ठेवू नका, वास उडून जाऊ द्या.

मग झाकण तिरकं ठेवा आणि आच इतकी ठेवा की पृष्ठभाग सतत खळखळत राहील, हाडं जागेवर हलताना दिसतील. साडेपाच ते सहा तास.

इथेच जुनी शिकवण आड येते. चांगला रस्सा मंद आचेवर होतो, असं आपण ऐकत आलो आहोत, आणि निवळ रश्श्यासाठी ते खरंच आहे. पण हा रस्सा निवळ नको आहे. हाडं, सांधे आणि कातडीतला चिवट भाग तासन्‌तास शिजून जिलेटिन होतो. चरबी वितळून वर येते. जोरदार उकळी त्या चरबीला फोडून बारीक थेंब करते आणि जिलेटिन ते थेंब पाण्यात धरून ठेवतं. रस्सा पांढरा दिसतो तो यामुळे. आच मंद ठेवली तर चरबी वर तरंगत राहते, खाली पिवळसर निवळ पाणी राहतं, आणि आठ तास उकळूनही पांढरेपणा येत नाही. दूध घालून पांढरा केलेला रस्सा मी पाहिला आहे. तो दिसतो बरा, पण त्याला दुधाचाच वास येतो.

पाणी हाडांच्या खाली जाऊ देऊ नका. दर तासाला उकळतं पाणी घाला, गार नाही. गार पाण्याने उकळी मोडते आणि ती परत यायला वेळ जातो. शेवटच्या तासात मात्र पाणी घालू नका, रस्सा आटून ३ लिटरपर्यंत येऊ द्या. त्याच तासात अर्धा कांदा, लसणाच्या ५ पाकळ्या आणि निम्मं आलं घाला. सुरुवातीलाच घातले तर त्यांचा लगदा होऊन रस्सा गोडसर आणि मळकट होतो.

मीठ आत्ता घालायचं नाही.

तपासा: तिसऱ्या तासाला रस्सा तांदळाच्या धुवणासारखा दिसायला हवा, सहाव्याला पातळ ताकासारखा. चमचाभर बशीत काढून गार होऊ द्या आणि दोन बोटांत चोळा. बोटं चिकटली तर काम झालं.

कुकरची वाट: सहा तास गॅस जाळणं सगळ्यांना जमत नाही. ७ ते ८ लिटरचा कुकर असेल तर धुतलेली हाडं आणि पाणी घालून, दोन तृतीयांशापेक्षा जास्त न भरता, एक शिटी झाल्यावर मंद आचेवर दीड तास ठेवा. वाफ आपोआप जिरू द्या. झाकण काढल्यावर रस्सा फारसा पांढरा दिसणार नाही, बंद कुकरात मंद आचेवर पुरेशी घुसळण होत नाही. निराश होऊ नका. जिलेटिन उतरलेलं आहे. तोच रस्सा हाडांसकट उघड्या पातेल्यात ओता, ३ लिटर रस्सा उरेल इतपत उकळतं पाणी घाला आणि ४५ मिनिटं मोठ्या आचेवर खळखळवा. डोळ्यांदेखत पांढरा होतो. चव सहा तासांच्या रश्श्याइतकी खोल नसते, पण रोजच्या घरासाठी ही वाट मी मनापासून सुचवते.

## टप्पा ६: गाळणं, गार करणं, चरबी

बारीक गाळणीतून गाळा. मग पातेलं मोरीत किंवा मोठ्या घमेल्यात बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि ढवळत राहा. दोन तासांच्या आत रस्सा गार होऊन फ्रिजमध्ये गेला पाहिजे. दोन-तीन उथळ भांड्यांत वाटून ठेवला तर लवकर गार होतो.

सावधान: "रात्रभर झाकून ओट्यावर ठेवतो, सकाळी पुन्हा उकळू" हे करू नका. हाडांचा रस्सा म्हणजे जंतूंना मेजवानी. त्यांनी सोडलेली काही विषं पुन्हा उकळून जात नाहीत.

सकाळी रस्सा खरवसासारखा थरथरता गोठलेला असेल, वर चरबीचा पांढरा थर. हा थर चमच्याने उचला, पण सगळा टाकू नका. तीन मोठे चमचे बाजूला ठेवा, ते परत रश्श्यात जाणार आहेत. चरबी पूर्ण काढली की रस्सा निळसर, हलका लागतो. कितीतरी जण तब्येतीच्या काळजीने सगळी चरबी काढतात आणि मग विचारतात की तिथल्यासारखी चव का येत नाही.

## टप्पा ७: मांस

कातडीवर केस राहिले असतील तर गॅसच्या ज्योतीवर कातडी धरून जाळा आणि सुरीच्या पाठीने खरवडा. मग तुकडा अर्धा तास गार पाण्यात भिजवा, पुसा, आणि सुती दोऱ्याने दोन-तीन ठिकाणी बांधा. बांधलं नाही तर कातडी आकसते, तुकडा कमानीसारखा वळतो आणि पुढे सारखे काप निघत नाहीत.

गोठलेला रस्सा, बाजूला ठेवलेली चरबी आणि अर्धा लिटर पाणी पातेल्यात गरम करा. उरलेला लसूण, आलं, कांदा, मिरी आणि पातीचे पांढरे भाग घाला. रस्सा उकळला की मांस सोडा, पुन्हा उकळी आली की ५ मिनिटं थांबा, आणि मग आच अगदी खाली आणा.

आता काल जे केलं त्याच्या बरोबर उलट. पृष्ठभाग फक्त थरथरायला हवा, कडेला एखादा बुडबुडा फुटायला हवा. झाकण ठेवा. ६० ते ७० मिनिटं. मांसाला खळखळ उकळी दिली की त्याचे धागे आवळतात आणि आतलं पाणी पिळून निघतं. मऊ व्हावं म्हणून लोक आणखी उकळतात आणि ते आणखी कोरडं होतं. चिवट मांसाची तक्रार दहापैकी नऊ वेळा याच चुकीची असते.

उकडलेल्या डुकराच्या मांसात द्वेन्जांग, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची खारट, घट्ट पेस्ट, घालायची रीत कोरियात आहे, आणि ती चांगलीच आहे. पण इथे मांस ज्या रश्श्यात शिजतं तोच आपण पिणार आहोत. द्वेन्जांगने तो तपकिरी होतो. ते वापरायचंच असेल तर मांस वेगळ्या पाण्यात शिजवा.

तपासा: ६० मिनिटांनी सर्वांत जाड जागी लाकडी काडी खुपसा. कातडीतून थोडा अडखळत आणि मांसातून सहज गेली पाहिजे. भोकातून येणारा रस स्वच्छ हवा. गुलाबी रस आला तर अजून १० मिनिटं. थर्मामीटर असेल तर मधोमध ७५ अंश सेल्सिअसच्या वर असायला हवं. डुकराचं मांस कच्चट ठेवायचं नाही, यात तडजोड नाही.

आच बंद करून मांस १० मिनिटं रश्श्यातच ठेवा, मग बाहेर काढून झाकून २०-३० मिनिटं मुरू द्या. दरम्यान रस्सा गाळून पुन्हा गॅसवर ठेवा आणि १५ ते २० मिनिटं मोठ्या आचेवर उकळा. मांस शिजताना वर आलेली चरबी पुन्हा मिसळते आणि पांढरा रंग परत येतो.

## टप्पा ८: मीठ, तिखट आणि वरचं साहित्य

रश्श्यात एक मोठा चमचा गुक-गान्जांग, आणि लिटरला साधारण दीड सपाट चमचा मीठ. सगळं एकदम घालू नका. नूडल्स धुतल्यावर त्यांच्यासोबत थोडं पाणी येतं, म्हणून रस्सा नुसता चाखताना किंचित खारट लागला पाहिजे. नेहमीचा गडद सोया सॉस घालू नका, रस्सा चहाच्या रंगाचा होतो.

तिखटासाठी दादेगी: गोचुगारू, म्हणजे कोरियन जाडसर लाल तिखट, तीन मोठे चमचे, एक चमचा गुक-गान्जांग, एक मोठा चमचा ठेचलेला लसूण, चिमूटभर साखर, तीन चमचे गरम रस्सा. कालवून अर्धा तास ठेवा. गोचुगारू नसेल तर बिया काढलेली ब्याडगी जाडसर कुटून घ्या. लवंगी किंवा संकेश्वरी वापरलीत तर पुढे दुसरं काही लागणार नाही.

सेऊजोत, म्हणजे खारवून आंबवलेली बारीक कोळंबी, मिळाली तर ताटाजवळ ठेवा. तिच्याऐवजी सुकट किंवा सुका जवळा घालू नका. तो सुकवलेला असतो, आंबवलेला नसतो, आणि त्याचा वास रश्श्यावर चढून बसतो.

गाजराच्या बारीक काड्या अर्धा मिनिट परता. पात बारीक चिरा. गिम कात्रीने कापा. तीळ हातावर चुरडा.

## टप्पा ९: काप

जेजूत लाकडी फळीला डोम्बे म्हणतात, आणि उकडलेलं मांस फळीवरच कापून तसंच समोर ठेवतात त्याला डोम्बे-गोगी. तिथे जुन्या लग्नघरी मांस कापायला एक खास माणूस नेमलेला असे, त्याला दोगाम म्हणत. आलेल्या प्रत्येकाला सारखं मांस मिळावं आणि ते पुरावं ही जबाबदारी त्याच्या सुरीवर असे. कापणं हे किती मोठं काम मानलं जाई, ते यावरून कळावं.

दोरा काढा. मांसाचे धागे कुठल्या दिशेने जातात ते आधी पाहा आणि सुरी त्यांना आडवी धरा. कातडी, चरबी आणि मांस तिन्ही प्रत्येक कापात आले पाहिजेत. जाडी अर्धा सेंटिमीटर. फार पातळ केलं तर गरम रश्श्यात चुरा होतो. सुरी लांब आणि धारदार घ्या, एकाच दिशेने ओढा, करवतीसारखी पुढेमागे नको. काप फाटत असतील तर मांस अजून गरम आहे. १० मिनिटं थांबा.

## टप्पा १०: नूडल्स

माणसं जेवायला बसल्याशिवाय नूडल्स टाकायच्या नाहीत. रस्सा नूडल्सची वाट पाहू शकतो, नूडल्स रश्श्याची वाट पाहू शकत नाहीत.

मोठ्या पातेल्यात ४ लिटर पाणी खळखळ उकळवा. नूडल्स पंख्यासारख्या पसरून टाका आणि लगेच ढवळा. फेस वर येईल, पेलाभर गार पाणी ओता. पुन्हा वर येईल, पुन्हा ओता. असं दोन-तीन वेळा. उतू जाणं थांबतं आणि नूडल्सचा गाभा व बाहेरचा भाग सारखा शिजतो. वेळ पाकिटावर पाहा, आणि त्यापेक्षा अर्धा मिनिट आधी एक तोडून पाहा. मधला पांढरा ठिपका नुकताच नाहीसा झालेला हवा.

चाळणीत ओता आणि ताबडतोब गार पाण्याखाली धरा. आता कपडे चोळतो तसं दोन्ही तळव्यांत घेऊन चोळा. पाणी दुधाळ निघेल, तो बाहेरचा पिठूळ थर आहे. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा धुवा. नूडल्स गुळगुळीत लागायला हव्यात, बुळबुळीत नाही. त्यांचे चार गुंडाळे करून चाळणीत निथळत ठेवा.

सावधान: नूडल्स रश्श्यात शिजवू नका. पिठाने रस्सा खळीसारखा होतो आणि सहा तासांचं काम पाच मिनिटांत वाया जातं. "धुतल्या तर गार होतील" ही शंका पुढचा टप्पा सोडवतो.

## टप्पा ११: तोर्योम आणि वाढणं

जेजू शहरात सामसोंगह्योल या प्राचीन स्थळाजवळ नूडल्सच्या दुकानांची एक अख्खी गल्ली आहे. तिथे एका दुकानात मी काउंटरजवळ उभी राहून स्वयंपाकीणबाईंचे हात पाहत होते. वाडग्यात गार नूडल्सचा गुंडाळा. पळीभर उकळता रस्सा त्यावर. मग वाडगा तिरका, पळीची पाठ नूडल्सवर टेकवलेली, आणि रस्सा परत पातेल्यात. पुन्हा ओतला, पुन्हा काढला. तिसऱ्यांदा काढल्यावर त्यांनी दोन बोटं नूडल्सना लावली, मान हलवली आणि मग वाडगा भरला. याला तोर्योम म्हणतात.

घरी तेच करा. वाडगे आधी गरम पाण्याने तापवून घ्या. रस्सा गॅसवर खळखळत असू द्या. तीन वेळा ओतून काढलं की नूडल्स आतपर्यंत गरम होतात आणि त्यांच्यावरचं धुण्याचं पाणी निघून जातं. हा टप्पा गाळला की पहिल्या घोटाला रस्सा कोमट आणि अळणी लागतो, आणि लोक मिठाला दोष देतात. काढलेला रस्सा पातेल्यात परत जातो, म्हणून चौथा वाडगा भरण्याआधी मीठ पुन्हा चाखा.

मग क्रमाने: नूडल्स, त्यावर मांसाचे पाच-सहा काप कातडी वर दिसेल असे, कडेने उकळता रस्सा अर्धा लिटर, गाजर, पात, गिम, तीळ. गिम सगळ्यात शेवटी, नाहीतर टेबलापर्यंत जाईतो ते चिकट होतं. दादेगी वेगळ्या वाटीत द्या. पहिले चार-पाच घोट तिखटाशिवाय घ्यायला सांगा. सोबत किमची किंवा मुळ्याची काक्दुगी पुरते.

## उरलं तर

मीठ घातलेला रस्सा फ्रिजमध्ये ३ दिवस टिकतो. काढताना पूर्ण उकळी आणा. बिनमिठाचा रस्सा अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या डब्यांत गोठवला तर दोन-तीन महिने चांगला राहतो, म्हणून कमी माणसं असतील तेव्हा मीठ पातेल्यात न घालता वाडग्यापुरतं घाला. उरलेलं मांस न कापता, थोड्या रश्श्यात बुडवून ठेवा. कापून ठेवलेलं कोरडं पडतं. दुसऱ्या दिवशी ते गारच कापा आणि काप उकळत्या रश्श्यात मिनिटभर बुडवून पूर्ण गरम करा. शिजवलेल्या नूडल्स ठेवू नका, दुसऱ्या दिवशी नव्या टाका.

रस्सा काढून झाल्यावर उरलेल्या हाडांना अजून थोडा जीव असतो. ३ लिटर पाण्यात आणखी ३ तास उकळली तर फिकट दुसरा रस्सा निघतो. तो एकटा वापरू नका, पहिल्या रश्श्यात अर्धाअर्धी मिसळा, किंवा पुढच्या खेपेला हाडांवर साध्या पाण्याऐवजी तोच ओता.